बाटलीकाकांचा खड्डा

काकांनी पुढच्या अंगणातली हिरवळ उचलून खड्डा खणायला घेतला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी समोरच्या घरातून विचारणा झाली, की यात नक्की कोणाला ठेवायचं आहे. विचारणा हळू आवाजात झाली. खड्डा नऊ फूट लांब आणि सहा फूट रुंद होता, आणि गेले चार दिवस काकू कुणाला दिसल्या नव्हत्या, त्यामुळे विचारणाऱ्याला फारसा दोष देता येत नाही. काकू बहिणीकडे गेल्या होत्या. हिरवळ उचलायला काकांनी नेमके तेच चार दिवस निवडले, ही गोष्ट मात्र संशयास्पद होती खरी.

"पाणी मुरवायचंय," काका म्हणाले.

"कुठलं पाणी?"

"पावसाचं. छपरावरून येतं ते."

"ते गटारात जातंच की आपलं आपण."

"म्हणूनच," काका म्हणाले आणि पुन्हा फावडं उचललं.

या 'म्हणूनच'मध्ये काकांची एकतीस वर्षांची नोकरी होती. वसाहतीच्या टोकाला एक तळं आहे. दर मंगळवारी त्या तळ्याचं पाणी बाटलीत भरायचं, नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत न्यायचं, त्यात नायट्रेट किती आहे ते काढायचं आणि अहवाल वर पाठवायचा, हे काकांचं काम. नायट्रेट म्हणजे मुख्यतः खतातून येणारा क्षार. तो पाण्यात वाढला की शेवाळ माजतं, शेवाळ कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि मग मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागतात. काकांच्या डोळ्यांदेखत आकडा दोनावरून नऊवर गेला. त्यांनी तो दर आठवड्याला कळवला. अहवाल कोणी वाचतं का, हे पाहण्यासाठी एका वर्षी त्यांनी तिसरं पान कोरं पाठवलं. काहीही झालं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी ते पान पाठवलंच नाही, तेव्हा 'अहवाल आटोपशीर झाला आहे' असा शेरा आला.

बाटल्या घेऊन फिरण्यामुळे वसाहतीत त्यांना बाटलीकाका म्हणत. एका नव्या शेजारणीने तर काकूंना बाजूला घेऊन एका चांगल्या व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता दिला होता. काका ते सगळं गिळत आले. पण निवृत्त झाल्यावर एक गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरेना. एकतीस वर्षं आपण तळ्याला ताप किती हे सांगत राहिलो, औषधाचा थेंब काही दिला नाही. मरायच्या आधी एक आकडा, एकच, आपल्या हातांनी खाली आणायचा, एवढं त्यांनी ठरवलं. तळ्याचा आकडा आवाक्याबाहेरचा होता. पण आपल्या अंगणातून गटारात आणि गटारातून तळ्यात जाणाऱ्या पाण्याचा आकडा तरी आपलाच होता. निवृत्तीच्या महिन्यात त्यांनी तोही मोजून ठेवला होता. तो अकरा होता.

अकरा येण्याचं कारण उघड होतं. वसाहतीचा नियम असा, की प्रत्येक घरापुढे हिरवळ हवी, तीन इंचांपेक्षा उंच नको आणि रंगाने गडद हवी. रंग गडद राहावा म्हणून बेचाळीस घरं महिन्याला युरिया टाकत, आणि पाऊस आला की निम्मा युरिया तळ्याकडे निघे. वाळलेली पानं शनिवारी कोपऱ्यावर जाळत. काकांची योजना साधी होती. हिरवळ काढायची, उथळ खड्डा करायचा, छपराचं पाणी त्यात सोडायचं, काठाने इथल्याच मातीत वाढणारं उंच गवत आणि झुडपं लावायची, आणि उघड्या मातीवर वाळलेल्या पानांचा थर द्यायचा. पाणी मातीत मुरेल, मुळं क्षार शोषतील, उरलंसुरलं स्वच्छ पाणी तेवढं गटारात जाईल. कागदावर यात कुठेही चूक नव्हती. कागदावर काकांची कधीच चूक होत नसे.

काकू परत आल्या. फाटकात उभं राहून त्यांनी बराच वेळ खड्ड्याकडे पाहिलं.

"माझी खुर्ची कुठे ठेवायची?" त्यांनी विचारलं. संध्याकाळी हिरवळीवर खुर्ची टाकून बसणं, ही काकूंची दिवसातली एकमेव चैन होती.

"काठावर ठेवू."

"हं. काठावर बसायचे दिवस आलेच आहेत म्हणा," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. दोन दिवस त्या काकांशी फक्त गॅस, दूध आणि वीजबिल या विषयांवर बोलल्या.

आता वाळलेली पानं हवी होती. डावीकडच्या शेजाऱ्यांकडे पानं उडवणारं पेट्रोलचं यंत्र होतं. वसाहत त्याला फुंकणी म्हणे आणि त्यांना फुंकणीवाले. ते यंत्र पाठीला बांधून रोज सकाळी आपल्या अंगणातली पानं रस्त्यावर उडवत, वारा ती परत आणून टाके, की हे पुन्हा सुरू. यंत्राचा धूर आणि उडालेली धूळ काकांच्या खिडकीत येई. काकांनी विचार केला, पानंही मिळतील आणि यंत्रही थांबेल. ते जाऊन म्हणाले, "तुमची पानं मला द्या. झाडून ठेवलीत तरी चालेल."

"झाडायची कशाला, काका? थेट तुमच्याकडे पोचवतो ना. आपण परके आहोत का?"

शनिवारी सकाळी काका दार उघडून बाहेर आले आणि पुन्हा आत गेले. फुंकणीवाल्यांनी शेजारधर्म म्हणून सबंध गल्लीची पानं फुंकत आणली होती. त्यात पिशव्या, बिलं, एक मोजा आणि कुणाच्या तरी मुलीचं प्रगतिपुस्तक होतं. यंत्र थांबण्याऐवजी चार तास चाललं. काका दिवसभर पानं निवडत बसले, तांदूळ निवडावेत तशी. येणारे-जाणारे थांबून पाहत. एकाने विचारलं, "काही हरवलंय का?" काका म्हणाले, "नाही." तो म्हणाला, "मग बरंय," आणि पुढे जाऊन बायकोच्या कानात काहीतरी बोलला.

पण खरा घात काकांनी स्वतःच केला. खड्ड्यात पाणी किती वेगाने मुरतं याची चाचणी घ्यायची असते. काकांनी भर उन्हाळ्यात, साक्षीला अध्यक्षांना आणि फुंकणीवाल्यांना बोलावून, खड्ड्यात पाणी भरलं, पट्टी रोवली आणि घड्याळ लावलं. अध्यक्ष म्हणजे वसाहत मंडळाचे अध्यक्ष. ते कुठेही आले की उद्घाटनाला आल्यासारखे उभे राहत. पाणी चाळीस मिनिटांत गडप झालं.

"पाणी मुरतंय म्हणजे मुरतंयच," अध्यक्ष म्हणाले. मंडळाच्या कामात इतकी खात्री त्यांना क्वचितच वाटली होती.

चिकणमाती उन्हात भेगाळते. त्या भेगांतून पाणी जातं, ते मातीत मुरत नाही, नुसतं पळून जातं. म्हणून चाचणीआधी माती पूर्ण दिवसभर भिजवून घ्यायची असते. हे शाळकरी पोरालाही सांगावं लागतं असं नाही, पण नगरपालिकेने ते लोकांना सांगण्यासाठी एक पत्रक काढलं होतं, आणि ते पत्रक काकांनी लिहिलं होतं. साक्षीदार बोलावण्याच्या घाईत ते स्वतःचंच पत्रक विसरले.

पाऊस आला, माती फुगली, भेगा मिटल्या आणि खड्डा भरून जो बसला तो बसलाच. पाच दिवस झाले. काका रोज सकाळी पट्टी घेऊन जात आणि तेवढाच आकडा वहीत लिहीत. सहाव्या दिवशी नगरपालिकेचे डास-निरीक्षक आले. तक्रार कुणी केली हे त्यांनी सांगितलं नाही, पण फुंकणीवाले त्या वेळी कुंपणाशी उभे राहून आभाळ पाहत होते.

निरीक्षकांनी लांब दांड्याच्या पळीने खड्ड्यातलं पाणी बारा ठिकाणी तपासलं. एकही अळी निघाली नाही. काकांची छाती जरा फुगली. मग निरीक्षकांनी सहज म्हणून भिंतीवरच्या पर्जन्यमापकात डोकावून पाहिलं. रोजचा पाऊस मोजायला काकांनी तो लावला होता, आणि खड्ड्याच्या काळजीत हे पाच दिवस रिकामा करायचा राहिला होता.

"चौदा," निरीक्षक म्हणाले. "वळवळतायत चांगल्या."

"पण त्या खड्ड्यातल्या नाहीत."

"साहेब, डास चावताना पत्ता सांगत नाही. नोटिशीत 'आवारात' असा शब्द आहे."

नोटीस अशी होती, की पंधरा दिवसांत पाणी मुरून दाखवा, आणि वाहून जाणाऱ्या पाण्याच्या दर्जाचा प्रयोगशाळेचा अहवाल द्या, नाहीतर खड्डा बुजवा. काकांना दुसऱ्या अटीचं मनातून बरंच वाटलं. तेच तर सिद्ध करायचं होतं.

आता चिकणमाती मोकळी करणं आलं. काकूंच्या भावाचा गुरांचा गोठा होता. तो येऊन म्हणाला, "भावोजी, एवढंच ना? शेणखत घाला. माती लोण्यासारखी होते."

"दहा घमेली वाळू आणि एक घमेलं कुजलेलं खत, एवढंच लागेल," काका म्हणाले. "जास्त नको."

"अहो, घमेल्याने खत काय मोजता? औषध आहे का?"

त्याने दोन ट्रॉल्या पाठवल्या. ट्रॅक्टरवाला फाटकात ट्रॉल्या उलट्या करून निघूनही गेला. रस्त्यावर ढीग एका दिवसाहून जास्त ठेवायचा नाही, असा वसाहतीचा नियम. परत न्यायला मेहुण्याचा ट्रॅक्टर मोकळा नाही. काकूंनी खिडकी लावून घेतली. काकांनी दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी सगळं खत खड्ड्यात लोटलं. मनात कुठेतरी काहीतरी टोचलं, पण पाठही दुखत होती, आणि दोन्ही दुखण्यांत त्यांना फरक करता आला नाही.

खताने खरंच काम केलं. पुढच्या पावसात पाणी चार तासांत मुरलं, आणि जास्तीचं पाणी काठावरून गटारात गेलं तेवढ्यात काकांनी बाटली भरून घेतली. ती घेऊन ते आपल्या जुन्या प्रयोगशाळेत गेले. तिथे आता त्यांच्याच हाताखाली वीस वर्षं काम केलेल्या बाई प्रमुख होत्या. त्यांनी काकांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि बाटली टेबलावरून हलक्या हाताने परत सरकवली.

"साहेब, खाजगी व्यक्तीचा नमुना घेता येत नाही."

"असा मूर्खपणाचा नियम कुणी केला?"

बाईंनी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. तिथे नियम लावला होता आणि खाली काकांची सही होती, चांगली ठसठशीत.

"संस्थेचं पत्र आणा," बाई म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या नियमात बसवते."

संस्था म्हणजे वसाहत मंडळ, आणि मंडळ म्हणजे अध्यक्ष. अध्यक्षांनी पत्र दिलं, पण एका अटीवर. पत्र मंडळाचं, म्हणजे अहवालही मंडळाच्या नावाने बंद पाकिटात यावा आणि सर्वसाधारण सभेत उघडला जावा. जुना अकरा आणि नवा आकडा दोन्ही त्यात असावेत. "पारदर्शकता," अध्यक्ष म्हणाले. "बरा निघाला तर खड्डा ठेवू, नाहीतर तुमचा मान राखून बुजवू."

सभेला एरवी सात माणसं येत. त्या दिवशी चाळीस आली, कारण कुणाचा तरी खड्डा बुजणार होता. काका दुसऱ्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसले. शेजारी काकू. अध्यक्षांनी पाकीट फोडलं, चष्मा लावला.

"नायट्रेट. पूर्वीचा नमुना, अकरा. आत्ताचा नमुना, त्रेचाळीस. शेरा, मर्यादेत."

ऐकताक्षणी काकांना कळलं. दोन ट्रॉल्या शेणखत. पाऊस ते धुऊन सरळ गटारात नेत होता. अख्ख्या वसाहतीच्या युरियाला जमलं नव्हतं ते काकांच्या नऊ बाय सहाच्या खड्ड्याने करून दाखवलं होतं.

"म्हणजे जवळजवळ चौपट," अध्यक्ष सावकाश म्हणाले. "आणि तेही मर्यादेत राहून."

"चौपट म्हणजे काही खायचं काम नाही," फुंकणीवाले म्हणाले.

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. काका उभे राहिले. सांगण्यासाठीच उभे राहिले. पण त्यांच्या आयुष्यात त्यांच्या अहवालाला ही पहिली टाळी होती. अहवाल मोठ्याने वाचला गेला होता, लोकांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं होतं, कालपर्यंत बाटलीकाका म्हणणारे लोक. टाळ्या संपू देत, मग बोलू, असं त्यांना वाटलं. टाळ्या बारा सेकंद चालल्या. मोजायची सवय सुटत नाही. दहाव्या सेकंदाला अध्यक्षांनी विचारलं, "मग सगळ्या बेचाळीस घरांपुढे असाच खड्डा, याच प्रमाणात खत घालून, आणि पानं जाळायची बंद. मंजूर?" टाळ्या वाजवणारे हात तसेच वर राहिले आणि ठराव मंजूर झाला.

"वाढलाय तो," काका म्हणाले.

"ऐकलं की आम्ही, काका."

"वाढणं वाईट असतं. ही घाण आहे. माझ्या अंगणातून आता चौपट घाण तळ्यात जाते. माझं चुकलंय."

अध्यक्षांनी अहवाल पुन्हा पाहिला. "पण खाली 'मर्यादेत' लिहिलंय. शिक्का आहे."

"ती पिण्याच्या पाण्याची मर्यादा. तळं त्याच्या कितीतरी आधी मरतं."

"तळं पितंय कोण?" मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

"विनय आहे हो त्यांचा," अध्यक्ष समजावणीच्या सुरात म्हणाले. "जुनी माणसं. स्वतःचं कौतुक सहन होत नाही." आणि त्यांनी पुढचा विषय घेतला, तो पार्किंगचा होता.

घरी येताना काकू म्हणाल्या, "उभे राहिलात तेव्हाच का नाही बोललात?"

काका म्हणाले, "टाळ्या चालू होत्या."

"ते दिसलं मला," काकू म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचा आठवडाभर काका दारोदार फिरले. खत एकच घमेलं घाला, वाळू जास्त घाला, असं सांगत. त्यांनी पत्रकही काढलं. लोकांनी ते फार मनापासून घेतलं आणि ओल्या बुटांखाली अंथरलं. "स्वतःचं नाव झालं, आता दुसऱ्याचं झालेलं बघवत नाही," असं एका घरातून दार लागल्यावर ऐकू आलं. मेहुण्याच्या ट्रॅक्टरच्या दिवसातून तीन खेपा सुरू होत्या. काका रस्त्यात आडवे उभे राहिले तेव्हा तो खाली उतरून म्हणाला, "भावोजी, लोक माझं खत मागत नाहीत, तुमचं मागतात. 'काकांचं प्रमाण' म्हणतात. मी नुसता पोचवतो."

काकांनी स्वतःच्या खड्ड्यातलं खत उपसून काढलं. ते टाकायला जागा नव्हती, म्हणून मागच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकलं. एकेचाळीस खड्डे उरले.

मोठा पाऊस झाला त्या दिवशी काका छत्री घेऊन गटाराच्या तोंडाशी गेले. पाणी चहासारखं लालसर येत होतं आणि त्याला गोठ्याचा वास होता. त्यांनी बाटली नेली नव्हती. नेऊन काय करणार होते? तीन आठवड्यांत तळ्यावर साय धरावी तसं शेवाळ धरलं, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात मासे काठाला लागले. वसाहतीने नगरपालिकेला कडक पत्र लिहिलं, की आम्ही घरोघरी एवढं करूनही तळ्याची ही अवस्था व्हावी, हे प्रशासनाला शोभत नाही. पत्रावर पहिली सही फुंकणीवाल्यांची होती.

एक गोष्ट मात्र झाली. पानं खड्ड्यांत जाऊ लागल्यामुळे कोपऱ्यावरचा शनिवारचा जाळ थांबला आणि फुंकणीही कपाटात गेली. काकू काठावर खुर्ची टाकून बसू लागल्या होत्या. एकदा त्या म्हणाल्या, "हवा बरी झालीय नाही हल्ली?"

"असेल," काका म्हणाले. "हवा आमच्या खात्याकडे नव्हती. मोजली नाही कधी."

त्या संध्याकाळी प्रयोगशाळेच्या बाईंचा फोन आला.

"साहेब, तळ्याचा आकडा आलाय. एकोणतीस."

एकतीस वर्षांत तो दोनाचा नऊ झाला होता.

"तुम्हाला त्रास देणार नव्हते," बाई म्हणाल्या, "पण फॉर्म बदललाय. 'संभाव्य कारण' असा नवीन रकाना आलाय, आणि मोकळा सोडायचा नाही असा वरून आदेश आहे. मी नेहमीसारखं 'सांडपाणी' लिहू ना?"

इतक्या वर्षांत कारण काकांना कुणीच विचारलं नव्हतं.

"सांडपाणी नको," ते म्हणाले. "माझा पत्ता लिही."

बाई म्हणाल्या, "साहेब, रकाना लहान आहे."

"मग अक्षर बारीक काढ," काका म्हणाले, आणि घर क्रमांकापासून सांगायला सुरुवात केली.